टोमॅटोचा एक डबा

सुपरमार्केटमध्ये एक बाई ट्रॉली ढकलत चालली आहे. रात्री पास्ता करायचाय, सॉससाठी टोमॅटोचा डबा हवा, आणि नेमका तेवढाच घ्यायचा राहतो. घरी आल्यावर लक्षात येतं. नवरा म्हणतो, मी पटकन घेऊन येतो. तो परत येईपर्यंत घरात कुणीतरी शिरून तिला भोसकून गेलेलं असतं. खुनाचा आळ नवऱ्यावरच येतो, तो तुरुंगात जातो, आणि त्यांचा लहानगा मुलगा एकाच दिवशी आईला आणि वडिलांना मुकतो.

२०२३ साली आलेल्या 'द फ्लॅश'चा गाभा एवढाच आहे. वीज, वेग, लाल पोशाख, परग्रहावरून चालून आलेला सेनापती हे सगळं त्या डब्याभोवती रचलेलं. मोठा झालेला तो मुलगा, बॅरी ॲलन, म्हणजेच फ्लॅश, इतका वेगाने धावतो की काळाच्याही मागे जाऊ शकतो. आणि मागे जाऊन तो करतो काय, तर आईच्या ट्रॉलीत तो डबा गुपचूप ठेवतो. तेवढंच. वडिलांना घराबाहेर पडावंच लागू नये म्हणून.

सुपरहिरोच्या चित्रपटात इतकी लहान, इतकी घरगुती कृती मी त्याआधी पाहिली नव्हती. थिएटरमध्ये मी सावरून बसले.

कारण असा एक डबा माझ्याकडेही आहे. आई गेली त्याच्या आदल्या रात्री फोनवर म्हणाली होती, "छातीत जरा जळजळतंय गं." मी म्हटलं, "ॲसिडिटी असेल. गोळी घे, उद्या बघू." मग आम्ही दुसरंच काहीतरी बोललो. पहाटे ताईचा फोन आला. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण "उद्या बघू" हे दोन शब्द मी किती वेळा बदलून पाहिलेत त्याचा हिशेब नाही. कधी मी "लगेच निघते" म्हणते. कधी शेजाऱ्यांना फोन करते. कधी काहीच करत नाही, फक्त फोन ठेवत नाही, बोलत राहते. दरवेळी आई वाचते आणि दरवेळी सकाळ होते.

त्यामुळे बॅरीने तो डबा ट्रॉलीत ठेवला तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. शेजारी माझा भाचा बसला होता, पंधरा वर्षांचा. त्यानेच मला आग्रह करून आणलं होतं. त्याला यातलं सगळं पाठ आहे, कोण कुठल्या पृथ्वीवरचा, कुणाची कुठली टायमलाइन. मला तितकं नाही, पण या मंडळींवर माझंही लहानपणापासून प्रेम आहे आणि त्या प्रेमापोटीच हे लिहितेय. कारण हा चित्रपट हातात सोनं घेऊन सुरू होतो आणि अर्ध्या वाटेवर ते कुठेतरी ठेवून विसरतो.

डबा ठेवून परतताना बॅरी मधल्यामध्ये फेकला जातो आणि २०१३ मध्ये येऊन पडतो. घरी जातो तर आई दार उघडते. जेवायच्या टेबलाशी आई, वडील आणि तो. आई काहीतरी साधंसुधं बोलतेय आणि हा तिच्याकडे टक लावून बघतोय, डोळे भरून. मारिबेल वेर्दू या अभिनेत्रीने ही आई केली आहे. फार काही न करता ती त्या खोलीला घरपण देते. मुलगा आज असा का बघतोय हे तिला कळत नाही, पण काहीतरी झालंय हे कळतं. आयांना कळतंच.

आणि मग खिडकीबाहेर दुसरा बॅरी येताना दिसतो. अठरा वर्षांचा, मस्तीखोर, आईला पूर्ण गृहीत धरणारा, कारण त्याने तिला कधी गमावलेलंच नाही.

इथे मी खरंच श्वास रोखला. आई जिवंत आहे, पण ती आता दुसऱ्या कुणाची तरी आई आहे. तुझ्याच चेहऱ्याच्या, तुझ्याच नावाच्या, पण तू नसलेल्या मुलाची. तू तिला वाचवलंस आणि वाचवण्याची किंमत म्हणून तिचा मुलगा असण्याचा हक्कच तुझ्याकडून गेला. मल्टिव्हर्स, म्हणजे एकाच वेळी अनेक जगं असण्याच्या कल्पनेतून याहून मोठं दुःख कुणी काढू शकेल असं मला वाटत नाही. या एका पेचावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. मोठ्या बॅरीला धाकट्याच्या बेफिकिरीचा राग येतो, तेही किती खरं आहे. ज्यांचे आईवडील आहेत त्यांना फोनवर तुसडेपणाने बोलताना ऐकलं की माझ्याही पोटात तुटतं.

पण चित्रपटाला तिथे थांबायला वेळ नाही. या बदललेल्या जगात क्रिप्टॉन ग्रहाचा सेनापती झॉड येतोय, सुपरमॅनचा पत्ता नाही, तेव्हा शोधा बॅटमॅन. बॅटमॅनच्या पडक्या वाड्यात पोचतो तर तिथे दाढी-केस वाढवून एकटा राहणारा मायकल कीटन! १९८९ आणि १९९२ मध्ये टिम बर्टनच्या दोन चित्रपटांत ज्याने बॅटमॅन केला, तोच. थिएटरमध्ये शिट्ट्या पडल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू. कीटन आहेच तसा. स्वयंपाकघरात स्पॅगेटी हातात घेऊन तो या पोरांना काळाचं कोडं समजावतो, ते तर छानच आहे. भूतकाळात एक टोक हललं की पुढचं बदलतं तसं मागचंही बदलतं, आणि शेवटी हाती राहतो तो नुसता शिजलेला गुंता.

मग सैबेरियाच्या कैदखान्यातून सुपरमॅनऐवजी त्याची चुलत बहीण कारा सापडते, मग बॅरीची गेलेली शक्ती परत मिळवायची खटपट, मग वाळवंटातली लढाई. एकेक प्रसंग वेगळा घेतला तर बरा आहे. पण या सगळ्या धामधुमीत ती आई जवळजवळ दिसेनाशी होते. जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती घरी बसून काय करतेय, तिचा मुलगा रात्रभर घरी आला नाही म्हणून तिने कुणाला फोन केला, हे कुणी विचारत नाही. मध्येच मी भाच्याला हळूच म्हटलं, "तिचं काय झालं रे?" तो म्हणाला, "कुणाचं?"

त्याचा दोष नाही. चित्रपटानेच त्याला विसरायला लावलं होतं.

हे जे अनेक जगांचं प्रकरण आहे, त्याचं आणि फ्लॅशचं नातं जुनं आहे. १९६१ मध्ये फ्लॅशच्या कॉमिकच्या १२३ व्या अंकात, गार्डनर फॉक्सच्या लेखणीतून आणि कार्माइन इन्फँटिनोच्या चित्रांतून, बॅरी पहिल्यांदा दुसऱ्या पृथ्वीवर पोचला आणि तिथे त्याला जुन्या पिढीचा फ्लॅश, जे गॅरिक, भेटला. त्यातली गंमत अशी, की बॅरीच्या जगात जे गॅरिक हा कॉमिकमधला नायक होता. लहानपणी ज्याच्या गोष्टी वाचल्या तो माणूस एक दिवस समोर उभा! दोन जगं जोडण्यामागे ही एका वाचकाची भाबडी, हळवी इच्छा होती, आणि म्हणूनच ती गोष्ट इतकी वर्षं टिकली. पुढे पृथ्व्यांचा इतका सुळसुळाट झाला की १९८५-८६ मध्ये प्रकाशकांनाच बारा अंकांची कथा काढून त्या सगळ्या एकीत गुंडाळाव्या लागल्या. त्या कथेच्या आठव्या अंकात बॅरी ॲलन जग वाचवताना मेला. आणि मेला तो मेलाच. दोन दशकांहून जास्त काळ तो परत आला नाही. कॉमिकच्या दुनियेत, जिथे मरण म्हणजे दोन अंकांची रजा असते, तिथे हे फार मोठं आहे. त्या काळात वाढलेल्या वाचकांनी त्याची उणीव खरोखर सोसली.

बॅरीच्या आईचा खून हा भागसुद्धा त्याच्या जन्मापासूनचा नाही. १९५६ मध्ये कॉमिकमध्ये पहिल्यांदा आलेल्या बॅरीला आई होती, वडील होते, सगळं ठीक होतं. २००९ मध्ये जेफ जॉन्स या लेखकाने त्याच्या भूतकाळात हे मरण घातलं. आणि दोन वर्षांनी त्यानेच ती पाच अंकांची कथा लिहिली, जिच्यावर हा चित्रपट बेतला आहे. अँडी क्युबर्टने चितारलेली, 'फ्लॅशपॉइंट' नावाची.

तिच्यातली एक गोष्ट मला इथे सांगायलाच हवी, कारण चित्रपटात ती नाही आणि तिथेच माझं खरं दुखणं आहे. एरवी ज्या गल्लीत आईवडिलांचा खून होतो आणि म्हणून ब्रूस वेन पुढे बॅटमॅन होतो, कॉमिकमधल्या बदललेल्या जगात त्याच गल्लीत गोळी लागून छोटा ब्रूसच मेला आणि वडील वाचले. बॅटमॅन झाले ते वडील, थॉमस वेन. मुलाच्या मरणाने कडवट झालेला हा म्हातारा बॅरीकडून ऐकतो, की बॅरीच्या जगात आपला ब्रूस जिवंत आहे, तिथे आपण मेलो आणि तो वाचला. ते ऐकल्यावर तो स्वतःचं जग पुसलं जावं म्हणून बॅरीला मदत करतो. स्वतः नाहीसा होणार हे माहीत असताना. आणि जाण्याआधी मुलासाठी एक पत्र लिहून बॅरीच्या हाती देतो. शेवटी बॅरी आपल्या जगात येऊन ते पत्र ब्रूसला देतो. मुखवटा उतरवलेला बॅटमॅन ते वाचतो आणि रडतो.

एक कागद. दोन जगांमधून तेवढाच आला. आई परत आली नाही, वडील परत आले नाहीत, पण एका बापाचं अक्षर आलं. माझ्याकडे आईच्या अक्षरातली एक जुनी वही आहे, पत्ते आणि फोन नंबर लिहिलेली. त्यात माझा नंबर तीनदा लिहिलाय, दोनदा खोडून, कारण मी घरं बदलत गेले. त्यामुळे त्या पत्राचं मोल मला कुणी समजावून द्यायला नको.

चित्रपटाने या जागी काय दिलं? तोफा, पंख, बॅटमॅनची गाडी. कीटनच्या बॅटमॅनला बॅरीच्या निर्णयाशी काही देणंघेणं उरत नाही. तो आहे, कारण आपल्याला तो आवडतो.

तरी मधे एक जागा अशी आहे जिथे चित्रपट पुन्हा स्वतःच्या गाभ्याजवळ येतो. वाळवंटातल्या लढाईत कारा मरते, बॅटमॅन मरतो. दोघे बॅरी काळात मागे जातात, पुन्हा प्रयत्न करतात. पुन्हा तेच. मोठ्याला कळतं की हे अटळ आहे. धाकट्याला कळत नाही, तो जातच राहतो. पुन्हा आणि पुन्हा. आणि तेव्हा उलगडतं की सुरुवातीला ज्या काळ्या आकृतीने बॅरीला वाटेत धक्का देऊन पाडलं, ती म्हणजे हाच धाकटा, वर्षानुवर्षं धावून म्हातारा झालेला, अंगात लढाईचे तुकडे रुतून बसलेले, ओळखू न येणारा.

मला तो चेहरा विसरता येत नाही. रात्री दोन वाजता अंथरुणात पडून "उद्या बघू" हे शब्द दुरुस्त करणारी मी तशीच तर दिसत असेन. प्रत्येक फेरीत अंगात आणखी एक काच. ही या चित्रपटातली सगळ्यात खरी कल्पना, आणि तिला मिळतात जेमतेम काही मिनिटं. त्याने धावत घालवलेली ती वर्षं आपल्याला दिसतच नाहीत.

त्याच वेळी आकाशात दुसरी जगं एकमेकांवर आदळायला लागतात आणि सुरू होते मिरवणूक. ख्रिस्तोफर रीव्हचा सुपरमॅन. त्याच्या शेजारी हेलन स्लेटरची सुपरगर्ल. पन्नासच्या दशकातला टीव्हीवरचा जॉर्ज रीव्ह्ज. ॲडम वेस्टचा बॅटमॅन. आणि नव्वदच्या दशकात जो बनता बनता राहिला त्या चित्रपटातला निकोलस केजचा सुपरमॅन, एका अजस्र कोळ्याशी लढताना. भाचा खुर्चीतून उठलाच. "मावशी, तो बघ! तो पिक्चर कधी आलाच नाही, तरी तो आहे!"

त्याच्या आनंदावर विरजण घालायचं नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही. पण माझं मन तिथून उठून गेलं होतं.

जॉर्ज रीव्ह्ज १९५९ मध्ये गेला. ॲडम वेस्ट २०१७ मध्ये. ख्रिस्तोफर रीव्ह, ज्याला मी लहानपणी खराच सुपरमॅन समजत असे, १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला आणि २००४ मध्ये गेला. त्या नऊ वर्षांत चाकाच्या खुर्चीत बसून त्याने जे केलं, मणक्याच्या दुखापतींवरच्या संशोधनासाठी जो जीव ओतला, त्यापुढे त्याचं उडणंही मला लहान वाटतं. त्याला इथे संगणकावर पुन्हा उभं केलंय. मेणासारखा चेहरा, हलणारा झगा, एक शब्द नाही. तो फक्त बघतो आणि निघून जातो.

पडद्यावर एका मुलाला सांगितलं जातंय की गेलेल्या माणसाला जाऊ दे. तिला परत आणायचा हट्ट सोड, त्यानेच जगं कोसळतायत. आणि बरोबर त्याच क्षणी, त्याच चौकटीत, चित्रपट स्वतः मेलेल्या माणसांना परत आणून आपल्यापुढे उभं करतोय आणि म्हणतोय, वाजवा टाळ्या. बॅरीला जे नाकारलं ते स्टुडिओने स्वतःसाठी ठेवून घेतलं. मल्टिव्हर्समुळे हा चित्रपट कमकुवत झाला असं मी म्हणते ते यासाठी. कथा अवघड झाली, नावं लक्षात राहिली नाहीत, या तक्रारी माझ्या नाहीत. भाचा आहे ना समजावायला. माझी तक्रार अशी आहे, की ज्या गोष्टीचा सगळा जीव "ती एकच होती" या तीन शब्दांत आहे, तिच्यात प्रत्येक गोष्टीला दुसरी प्रत आहे असं सांगणारं यंत्र आणून बसवलं. सुपरमॅन मेला तर दुसरा आहे, बॅटमॅन गेला तर तिसरा आहे. मग आई एकच का? आणि एकच नसेल तर तो मुलगा रडतोय कशाला?

ह्यू एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये अनेक जगांची जी कल्पना मांडली, तिच्यात एकदा फांद्या फुटल्या की या फांदीवरून त्या फांदीवर उडी नाही. विज्ञानातलं अनेक जगांचं चित्र इतकं एकाकी आहे. दुसरीकडे सगळं वेगळं घडलं असेल, पण तुला ते कधीच दिसणार नाही. मला वाटतं, दुःखात असलेल्या माणसाला हेच जास्त जवळचं वाटेल.

हे यंत्र मुळातच वाईट असंही नाही. २०१८ च्या स्पायडरमॅनच्या ॲनिमेशनपटात मायल्स नावाचा मुलगा त्याच्या काकाला गमावून खोलीत बसलेला असतो, आणि वेगवेगळ्या जगांतून आलेले स्पायडर-लोक एकेक करून सांगतात की आपण कुणाला गमावलं. तिथे अनेक जगं म्हणजे दुखवट्याला जमलेली माणसं आहेत. २०२१ च्या 'नो वे होम' या स्पायडरमॅनच्याच चित्रपटात दुसऱ्या जगातून आलेला स्पायडरमॅन, अँड्र्यू गारफिल्डचा पीटर, उंचावरून पडणाऱ्या मुलीला झेलतो. त्याच्या स्वतःच्या जगात त्याला त्याची प्रेयसी ग्वेन अशीच झेलता आली नव्हती. तो हिला विचारतो, ठीक आहेस ना, आणि डोळे त्याचेच भरलेले असतात. त्याचं जुनं दुःख बरं होत नाही, ग्वेन परत येत नाही. पण पाहुणा म्हणून आलेला तो माणूस आपलं ओझं बरोबर घेऊन आलाय. त्या चित्रपटाच्या नायकाला वाढवणारी मे काकू तर मरते आणि मेलेलीच राहते, कितीही जगांची दारं उघडली तरी.

'द फ्लॅश'च्या मिरवणुकीतल्या एकाही पाहुण्याच्या खांद्यावर काही ओझं नाही.

आणि तरीही, त्या गदारोळानंतर दिग्दर्शक अँडी मुशिएती आपल्याला पुन्हा सुपरमार्केटमध्ये नेतो. बॅरीला तो डबा परत काढायचाय. ट्रॉलीशी आई उभी आहे, समोर एक अनोळखी तरुण, डोळे लाल. ती थांबते. कोण कुठला मुलगा, पण रडतोय म्हटल्यावर तिला पुढे जाववत नाही. त्याची विचारपूस करते, त्याला जवळ घेते. आपण कुणाला मिठी मारतोय हे तिला माहीत नाही, आणि त्याला सगळं माहीत आहे. बॅरी झालेल्या एझ्रा मिलरचा चेहरा इथे लहान मुलासारखा होतो. मागे रांगेत डबे, वर पांढरे दिवे, बाकी काही नाही. या दोन मिनिटांत एकही दुसरं जग नाही आणि चित्रपट एकदम जिवंत होतो. मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग तो डबा काढून घेतो, आणि लगेच चित्रपट पुन्हा घाबरतो. सगळे डबे बॅरी वरच्या फळीवर सरकवतो, म्हणजे डबा घेताना वडिलांना मान वर करावी लागेल, कॅमेऱ्यात चेहरा दिसेल आणि ते निर्दोष सुटतील. सुटतात. म्हणजे भूतकाळाला हात लावायचा नाही हे शिकायला दोन तास घालवून बॅरीने पुन्हा हात लावला. त्याची किंमत काय? न्यायालयाबाहेर गाडीतून ब्रूस वेन उतरतो तो जॉर्ज क्लूनी असतो, म्हणजे आणखी एक जुना बॅटमॅन. लोक हसतात. मघाशी ज्या आईचा निरोप घेतला ती त्या हशात वाहून जाते.

हा चित्रपट पडद्यावर आला तोवर या कथामालिकेची सूत्रं नव्या लोकांच्या हाती गेली होती आणि जुनं विश्व आवरायचं ठरलं होतं. त्यामुळे हा शेवट कुठे नेणारही नव्हता. सगळी दारं उघडून ठेवली आणि पलीकडे कुणी राहतच नव्हतं.

बाहेर पडताना भाचा केजबद्दल बोलत होता, मी नुसती हं हं करत होते. मग तो गप्प झाला. जरा वेळाने म्हणाला, "मावशी, म्हणजे कुठल्यातरी युनिव्हर्समध्ये आजी असेल ना?"

तो अडीच वर्षांचा होता आई गेली तेव्हा. त्याला ती आठवत नाही, फोटोतली ठाऊक आहे.

"असेल," मी म्हटलं. "पण तिथली आजी तिथल्या तुझी असेल."

"मग आपल्याला काय उपयोग?"

"तेच तर."

नंतर घरी आम्ही तो चित्रपट पुन्हा लावला, त्यालाच केजचा प्रसंग नीट थांबवून बघायचा होता. तो बघून झाल्यावर सुपरमार्केट आलं. आईने त्या मुलाला जवळ घेतलं, सोडलं. मी रिमोट उचलला आणि चित्र तिथेच थांबवलं.

"अगं, अजून संपला नाहीये," तो म्हणाला. "क्लूनी यायचाय."

"येऊ दे मग," मी म्हटलं. "दोन मिनिटं थांब."

पडद्यावर ती ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून उभी होती. मागच्या फळीवर डब्यांची रांग होती. भाच्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग तोही तिच्याकडे बघत बसला.